तिसऱ्या मजल्यावरची गाडी

काका, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायचा अधिकार खरं तर माझा नाही. काकू आहेत, तुमची लेक सुनीताताई आहेत, तुमच्याबरोबर ट्रेलरवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं आहेत. मी तुमच्या बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूचा मुलगा. आमच्या घरात कुणी गेलं तर माणसं रडतात, गावाकडे फोन करतात, तेराव्याला जेवण घालतात. लिहीत कुणी नाही. त्यामुळे असं लिहायची रीत काय असते हे मला माहीत नाही. चुकलं तर तुम्ही "इंजिनेर, गिअर चुकला तुजा" एवढंच म्हणून सोडून द्याल, या भरवशावर लिहितो आहे.

चौकात तुमचा फ्लेक्स लागला आहे. फेटा बांधलेला फोटो आणि खाली भावकी, तालीम, मंडळ, सगळ्यांची नावं. दहाव्याला इंद्रायणीवर भाषणं झाली. एक पुढारी तुम्हाला 'प्रगतशील शेतकरी' म्हणाले. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. तळवड्यातली तुमची जमीन कारखान्यांच्या शेडखाली जाऊनही किती काळ लोटला, आणि तुम्ही तर त्याआधीपासूनच चाकणच्या नव्या गाड्या ट्रेलरवर चढवून देशभर पोचवत होता. पण ते जाऊ दे. मला फक्त शेवटच्या महिन्यांबद्दल बोलायचं आहे. त्याबद्दल भाषणात कुणी काही बोललं नाही, आणि ते मला थोडंफार माहीत आहे असं वाटतं.

"मी माज्याच बिल्डिंगीत अडकलोय," असं तुम्ही म्हणायचा. हसत म्हणायचा, पण होतं तसंच. आपल्याकडे जमिनीचे पैसे आले की लोक बिल्डिंग बांधतात, आणि मालक राहतो सगळ्यात वर. खाली गाळे, मधे भाडेकरू, वर मालक आणि गच्ची. लिफ्ट घातली की मजल्यामागे एक खोली जाते, म्हणून लिफ्ट नाही. पसरट जिना जागा खातो, म्हणून जिना उभा. तुमच्याच सांगण्यावरून मिस्त्रीने तसा बांधला होता. मग तुमचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, पंपिंग कमी झालंय, गाडी बंद आणि जिने बंद. 'गाडी बंद' हे तुम्ही दवाखान्यातच ऐकून घेतलं होतं. 'जिने बंद' म्हणजे काय, हे घरी आल्यावर कळलं. त्या दिवशी वर चढायला तुम्हाला अर्धी दुपार लागली. काकू प्रत्येक वळणावर स्टूल ठेवत होत्या. आमच्या दारात बसून तुम्ही पाणी प्यायलात आणि आईला म्हणालात, "आता तुमच्या दारावरनं मालक जायचा न्हाई. भाडं वर आणून द्यायचं." आईला हसावं की नाही ते कळेना.

त्यानंतर पप्पा तुमच्याकडे आले होते, आठवतं? परभणी सोडून आल्यापासून पप्पांनी कुणाला असं काही सुचवलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मालक, तुम्ही पहिल्या मजल्यावर या बरं. आम्ही वर जाऊत. एकच जिना राहील तुम्हाला."

"भाडेकरू डोक्यावर आन मालक पायाशी?" तुम्ही म्हणालात. "गावात तोंड दावायचंय मला."

काकू म्हणाल्या, मग खालचा बबनचा वर्कशॉपचा गाळा रिकामा करून घ्या. तुम्ही म्हणालात, त्याची लेथ काय मी डोक्यावर घेऊ? सुनीताताई म्हणाल्या, निदान महिन्यातून एकदा खुर्चीत बसवून खाली नेऊ, चिखलीला माझ्याकडे चार दिवस राहा. त्यावर तुम्ही म्हणालात, "खुर्चीत बसवून न्यायला मी काय गणपती हाय?"

मला तेव्हा राग यायचा. बाहेर पडायची एकेक वाट लोक दाखवत होते आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने बंद करत होता. दिवसभर गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुम्ही रस्त्यावरचे ट्रेलर बघायचा. नुसत्या आवाजावरून सांगायचा, हा भरलेला चाललाय, हा रिकामा आलाय. रिकाम्याचं तुम्हाला जास्त वाईट वाटायचं.

मी वर येऊन बसायचो त्याला कारण होतं. ते तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून आता सांगतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. बिल्डिंगभर 'कम्प्युटरला आहे' अशी माझी ओळख. आई रोज विचारायची, आज काय शिकवलं? आणि मला सांगता यायचं नाही, कारण मलाच समजलेलं नसायचं. सर इंग्रजीत बोलायचे, मुलं माना हलवायची, मीही हलवायचो. घरी बसलं की तो प्रश्न येणार. वर आलं की तुम्ही एवढंच विचारायचा, "जेवलास का? मंग बस."

असाच बसून फोनवर एक व्हिडिओ बघत होतो. एका मुलाने टेबलाला स्टेअरिंग लावलं होतं, खाली पेडल, समोर मोठा स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर तो ट्रक चालवत होता. तुम्ही चष्मा लावून वाकलात.

"ह्यो क्लच लई लवकर सोडतोय."

"काका, गेम आहे तो."

"गेम आसंल. क्लच त्यो क्लचच." मग फोन जवळ ओढून, "ह्याच्यात आपले रस्ते हायेत का?"

मी शोधलं. कुणीतरी आपल्याकडच्या रस्त्यांचा नकाशा बनवून त्या गेममध्ये टाकला होता. टोलनाका, धाबे, घाट, आणि हायवेवर उलट्या बाजूने बिनधास्त येणारा ट्रॅक्टर. तो ट्रॅक्टर बघून तुम्ही एवढं हसलात की काकू आतून धावत आल्या, त्यांना वाटलं त्रास होतोय.

हसू ओसरल्यावर तुम्ही विचारलं, "हे घरी व्हतंय?"

"होतं. पण त्याला गेमिंग पीसी लागतो. एकेक पार्ट निवडून बनवावा लागतो."

"मंग बनव की. तू कम्प्युटरलाच हायस ना?"

मी हो म्हणालो. कॉलेजच्या लॅबमधले कम्प्युटर जाळीच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेले असतात. आम्हाला स्क्रीन आणि कीबोर्ड तेवढा दिसतो. मी आयुष्यात एकाही कम्प्युटरचं झाकण उघडलेलं नव्हतं. पण तुमच्या तोंडावर नाही म्हणणं मला जमलं नाही.

डॉक्टरांनी सुनीताताईंना बाजूला घेऊन काय सांगितलं होतं, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. वेळ थोडा आहे. किती थोडा, ते कुणी बोलत नव्हतं. तो संपायच्या आत तुम्हाला एकदा तरी स्टेअरिंगवर बसायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते माझ्यावर आलं होतं, याची भीती वाटत होती.

बातमी जिन्यावरून खाली पोचायला वेळ लागला नाही. बबन गाळ्यातून ओरडला, "मालक, लायसन लागंल का हो त्या गाडीला?" तुम्ही वरूनच, "तुज्या लेथला लागतंय का? गप काम कर." काकू म्हणाल्या, नातवंडांनी मागायच्या वयात आजोबा मागतायत. पण त्यांनीच कोपऱ्यातलं शिलाई मशीन हलवून टेबलाला जागा केली.

मग पार्ट निवडणं सुरू झालं. मी आठवडाभर व्हिडिओ बघून जे शिकलो होतो ते तुम्हाला असं सांगायचो की जणू कॉलेजात शिकवलंय.

"आधी इंजिन कंचं ते सांग," तुम्ही म्हणालात.

"दोन असतात. प्रोसेसर हिशोब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं."

"मंग चित्र काढणारं जोरात पायजे. मला रस्ता दिसाया पायजे."

इथपर्यंत आपलं एकमत होतं. पुढे तुम्हाला तीन स्क्रीन हवे झाले. समोर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, आरशांसाठी. ट्रेलर समोर बघून चालवत नाहीत, आरशात बघून चालवतात, असं तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, तीन स्क्रीन घेतले तर ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यावं लागेल आणि तिन्हींवर रस्ता अडखळत दिसेल. दोन दिवस वाद चालला. शेवटी ठरलं, आत्ता एक मोठा स्क्रीन, बाकीचे दोन पुढच्या दिवाळीला. 'पुढच्या दिवाळीला' म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. मीही स्टेअरिंगचे फोटो दाखवायला लागलो.

सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवरून तर तुम्ही चिडलातच. दुकानदार कॅबिनेटच्या पेटीबरोबर एक साधा सप्लाय जवळजवळ फुकट देत होता. "बॅटरीत कशाला पैसे घालतोस?" तुम्ही म्हणालात. मी सांगितलं की हा पार्ट हलका घेतला आणि एक दिवस उडाला, तर एकटा उडत नाही, बाकीचे पार्ट घेऊन उडतो. मग म्हणालात, "बरं. तू म्हंतोस तर." काका, माझ्या शब्दावर एका मोठ्या माणसाने मत बदललं, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. त्या रात्री मी पॉवर सप्लायबद्दल जे मिळेल ते वाचलं, न जाणो आपण चुकलो असू म्हणून.

कॅबिनेट मात्र तुमच्या मनासारखं आलं. मला जाळीचं हवं होतं, हवा खेळती राहते. तुम्हाला काचेचं, आतून रंगीत दिवे लागणारं. "गाडी बाहीरनं बी दिसली पायजे," हा तुमचा शेवटचा शब्द.

पिंपरीतल्या दुकानात मी एकटा गेलो आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर. मी फोन काउंटरवर उभा केला होता. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून हुकूम सोडत होता, बिल पक्कं द्या, खोकं फोडून दाखवा, वॉरंटीचा शिक्का कुठाय? दुकानदार वैतागून हसला आणि म्हणाला, "आजोबा, हे स्टेअरिंग नातवाला का?"

"मला," तुम्ही म्हणालात. "हेवी लायसन हाय माजं."

दुकानातली सगळी पोरं फोनभोवती गोळा झाली. तुम्ही त्यांना क्लचबद्दल बरंच काही ऐकवलं. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत खोकी होती आणि बऱ्याच दिवसांनी छाती मोकळी वाटत होती.

जोडणी तुमच्या हॉलमध्ये सतरंजीवर झाली. अंगातल्या विजेने पार्ट खराब होऊ नये म्हणून मी दर वेळी लोखंडी कपाटाला हात लावायचो. तुम्ही ते थोडा वेळ बघत होता. मग काकूंना म्हणालात, "ह्यो कपाटाला नमस्कार का करतोय गं?" प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर पेस्ट लावली तेव्हा म्हणालात, ग्रीस कमी पडतंय. रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी बसवताना माझा हात थरथरत होता. खटकन आवाज येईपर्यंत दाबायची असते, आणि तेवढं दाबलं तर बोर्डच तुटेल असं वाटत होतं. तुम्ही तळहातावर स्क्रू घेऊन शेजारी बसला होता. हात थरथरतोय हे तुम्ही बघितलं आणि काही बोलला नाहीत. बहुधा म्हणूनच मी ते बोलून गेलो.

मी म्हणालो, "काका, मला कॉलेज सोडायचंय. पप्पांच्या कंपनीत पोरं भरतायत. मला वर्गात काही कळत नाही."

तुम्ही स्क्रू निवडत होता. म्हणालात, "घाट उतरताना डिझेल वाचवाया गाडी न्यूट्रल करत्यात. मस पळती. मंग ब्रेक लागत न्हाई."

"तुम्ही केली होती का न्यूट्रल?"

"लई येळा."

"मग?"

"मंग काय, वाचलो. म्हणून तू बी करणार?"

मी म्हणालो, तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमची बिल्डिंग आहे, आम्ही त्यात भाड्याने राहतो. बोलल्यावर माझं मलाच ऐकवेना. तुम्ही एक स्क्रू माझ्यापुढे धरलात. "ह्यो कुठं बसतोय ते सांग." तो विषय तिथेच राहिला. पुढे कधीतरी बोलू, असं तुम्हालाही वाटलं असेल.

पीसी तयार झाला तरी तुम्ही बटण दाबू दिलं नाहीत. नव्या गाडीला पूजेआधी चावी लावायची नाही. मी सांगून थकलो की चालू करून बघायला हवं, एखादा पार्ट खराब निघाला तर दुकानात परत द्यायला मुदत असते. तुमचं एकच, रविवार येऊ दे, खंडोबाचा वार. चार दिवस तो तयार पीसी टॉवेलखाली झाकून होता आणि तुम्ही गॅलरीतून येऊन येऊन टॉवेल नीट करत होता.

रविवारी काकूंनी कॅबिनेटच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, स्टेअरिंगला झेंडूचा हार घातला. नारळ मी हट्टाने गॅलरीत फोडायला लावला. मग तुम्ही बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळे-जांभळे दिवे लागले, स्क्रीनवर अक्षरं उमटली. मी इतका वेळ श्वास धरून होतो. तो सोडतोय तेवढ्यात तुम्ही 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणून मूठभर भंडारा उधळला. पुढचे पंखे हवा आत ओढत होते. त्यांनी तो सगळा भंडारा आत घेतला. काचेमागे पिवळी वावटळ उठली, त्यातून जांभळा उजेड. काकूंनी हात जोडले. मी ओरडलो, "काका, हळद!" आणि तुम्ही म्हणालात, "आता कशी भरली गाडी."

त्या दिवशी तो चालला. मी विंडोज टाकलं आणि गेम, आपल्या रस्त्यांच्या नकाशासकट, डाउनलोडला लावला. तुमचं इंटरनेट हळू, म्हणून तो रात्रभर चालू ठेवला. सकाळी आलो तर पंखे फिरत होते, दिवे लागत होते आणि स्क्रीन काळा. बंद करून चालू केला, वायरी काढून लावल्या. काळाच. तुम्ही आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. चालवायला बसायचं म्हणून.

मी म्हणालो, भंडाऱ्याने झालं. तुम्ही म्हणालात, भंडाऱ्यानं आजवर कुणाची गाडी बंद पडली न्हाई, तूच कायतरी ढिलं बसवलं आसशील. मी म्हणालो, खंडोबाच्या वेळी मदरबोर्ड नव्हता. तुम्ही म्हणालात, "आन तुजा हात काय कापत नव्हता?" तेव्हा कळलं की तुम्ही ते लक्षात ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, दोघंबी गप बसा, पोहे गार व्हत्यात. पोहे गारच झाले.

त्याच आठवड्यात माझी परीक्षा सुरू होणार होती. कॉलेज हिंजवडीच्या बाजूला, तळवड्याहून बस बदलत जाण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून मी मित्राच्या मारुंजीच्या खोलीवर राहायला निघालो. रॅमच्या पट्ट्या काढून पुसून बघायच्या राहिल्या होत्या, पण आपण बोलतच नव्हतो. मी बॅग घेऊन खाली उतरलो, तर तुम्ही वर कठड्याशी येऊन उभे. जिन्याच्या मधल्या फटीतून तुमचं डोकं तेवढं दिसत होतं.

"इंजिनेर! पेपर नीट दे. माजी गाडी कुठं पळून जात न्हाई."

मारुंजीहून मी फोन केला. सांगितलं की झाकण काढा, रॅमची पट्टी सोडवा, तिचे सोनेरी दात सुक्या कापडाने पुसा आणि खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवा. तुम्ही म्हणालात, "नगं बाबा. मी हात लावला आन आजून बिघडलं, तर तू पुन्यांदा माज्या देवावर यीशील." आणि हसलात. भांडण मिटलं होतं. तुमचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

नंतर तुमचा फोन लागेना. आईला विचारलं, तर ती म्हणाली, मालक चिखलीला लेकीकडे गेलेत.

"उतरले कसे?"

आई म्हणाली, "खुर्चीत बसवून उतरवलं पोरांनी."

काका, मला इतका आनंद झाला. तुम्ही ऐकलंत, खुर्चीत बसलात, ते तीन जिने उतरलात, अंगाला बाहेरची हवा लागली. मी मित्राला सांगितलं, आमचे काका सुटले. त्या खोलीत आम्ही सहाजण राहत होतो, पाय पसरायला जागा नव्हती, पुस्तकातलं निम्मं डोक्यावरून जात होतं, आणि तरी त्या दिवसांत मी अभ्यास केला. एक माणूस बाहेर पडू शकतो तर दुसराही पडेल, असं काहीतरी मनात होतं.

शेवटच्या पेपरला पप्पा कॉलेजच्या गेटवर उभे होते, कंपनीच्या ड्रेसमध्ये, शिफ्ट अर्धी टाकून. पप्पा माझ्या कॉलेजला कधी आले नव्हते. मी विचारायच्या आत म्हणाले, "मालक गेले रे." कधी? माझ्या दुसऱ्या पेपरच्या दिवशी. सगळ्या बिल्डिंगने ते माझ्यापासून लपवलं होतं. बबनने तुमचा फोटो स्टेटसला ठेवला होता, तो आईने काढायला लावला. कुणीच ठेवायचा नाही, पोराचे पेपर आहेत. आई अगदीच खोटं बोलली नव्हती. तुम्हाला खुर्चीत बसवूनच उतरवलं होतं, दवाखान्यात न्यायला. तिथे पोचेपर्यंत सगळं झालं होतं. नंतर डॉक्टर म्हणाले, झोपेतही हेच झालं असतं.

बसमध्ये पप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि मी काळ्या स्क्रीनचा विचार करत होतो. तुम्हाला अग्नी दिला तेव्हा मी परीक्षेत होतो, तेही सोसलं असतं. पण इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही त्या खुर्चीवर बसून राहिलात, आणि गाडी काही सुरू झाली नाही, हे मला सहन होत नव्हतं. भंडाऱ्याने असो नाहीतर माझ्या हाताने. एवढीशी गोष्ट होती आणि तीही झाली नाही.

आमच्या दारात न थांबता मी वर गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "पेपर गेलं का रं चांगलं?" मी नुसती मान हलवली. मी पीसीकडे बघणं टाळत होतो, ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"चालू झाली व्हती रं गाडी," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, त्या माझी समजूत काढतायत.

"तू गेल्यावर ह्यांनी बबनला हाळी मारली. त्याचा हवेचा पाईप दोरीनं वर वढून घेतला आन समदी हवा मारली. घरभर हाळद उडाली, माजं दोन दिस झाडण्यात गेलं. मंग तू फोनात सांगितल्याली पट्टी काढली, पुसली, दाबून बसवली. लागली की गाडी. गेम उतरलाच व्हता, त्यो बबननं लावून दिला."

म्हणजे हवेने झाली की पट्टीने, हे कळायला आता मार्ग नाही. तुम्ही जिंकलात की मी, ते तसंच राहिलं.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मी फोन लावत व्हते, तर न्हाई लावू दिला. म्हणाले, त्याला कळलं की त्यो पुस्तक टाकून हितं यील."

रोज दुपारी जेवून तुम्ही बसायचा, असं काकूंनी सांगितलं. त्यांनाही शेजारी स्टूल घेऊन बसवायचा. एवढ्या वर्षांत त्या तुमच्या ट्रेलरमध्ये कधी बसल्या नव्हत्या, कंपनीच्या गाडीत घरच्यांना घेत नाहीत म्हणून. आता त्या तुमच्याबरोबर दोन राज्यं फिरून आल्या होत्या. ट्रॅक्टर आडवा आला की तुम्ही त्याला अशा शिव्या द्यायचा की काकू गॅलरीचं दार लावून घ्यायच्या.

मग काकू त्या शेवटच्या दुपारचं बोलल्या. तुम्ही घाट उतरत होता. तुमच्या कपाळावर घाम आलेला त्यांना दिसला. त्यांनी पदराने पुसला, तर पुन्हा आला. तुमचा डावा हात स्टेअरिंगवरून घसरला, तुम्ही तो उचलून परत ठेवला.

"मी म्हणलं, अवो, सोडा ती गाडी, आधी आडवं व्हा. तर म्हणाले, थांब गं, कडंला घिऊ दे. मागनं गाड्या येत्यात."